उताराची वीज

नांदवडे बसस्थानकामागच्या खोलीत उतारऊर्जा प्रकल्पाचं नियंत्रण केंद्र होतं. डॉ. रेवती खांबेटे तिथे पोचल्या तेव्हा त्यांचे गुडघे दुखत होते. केंद्र सांभाळणाऱ्या सुमेध कांबळेने समोर ठेवलेला चहा त्यांनी घेतला खरा, पण प्यायचा कंटाळा केला.

"मॅडम, उद्या समितीपुढे एवढा एकच आलेख पुरे," सुमेध म्हणाला. "आणखी चाळीस घाटांत अशी बस सोडायला मंजुरी मिळते की नाही बघा."

पडद्यावर बसने साठवलेल्या विजेची रेघ सलग वर चढत होती. रेवतींनी ती बराच वेळ पाहिली.

"झरा आटून दोन वर्षं झाली ना?"

"हो."

"मग ही रेघ खाली यायला हवी होती."

प्रकल्पाची बस त्यांनीच घडवली होती. ती कारवीमाथ्यावरून घाट उतरायची आणि उतरताना तिचे ऊर्जासंग्राहक ब्रेक वजनाची वीज करून बॅटरीत भरायचे. रिकामी बस सहा टनांची. माथ्यावरच्या बारमाही झऱ्याचं पाणी टाकीत भरलं की ती दहा टनांच्या वर जायची.

"घर्षणात बरीच ऊर्जा जाते," सुमेधने आपलं गणित पुन्हा मांडलं. "दहा टन खाली आले तर त्या विजेवर सहा टन वर जातात. म्हणजे भरलेली बस उतरली की रिकामी चढते. ना डिझेल, ना बाहेरची वीज. दहापेक्षा जास्त उतरलं तर उरलेली वीज आपण बाजाररस्त्याच्या दिव्यांना देतो."

"आणि टाकीत पाणी नसेल तर?"

"तर उतरतात सहा आणि चढतात साडेतीन. म्हणजे बस चढणारच नाही." तो थांबला. "पण चढतेय. मला वाटतं ब्रेक सुधारलेत."

"ब्रेक सुधारत नसतात रे. झिजतात."

बाहेर हॉर्न वाजला. बस आली होती. दोघं फलाटावर गेले.

चालक शकील मुजावर खाली उतरून टायरला पाय लावून उभा राहिला. मागचं दार उघडलं. आत पत्र्यांची चळत होती, चौकटीसकट उपसलेली दोन दारं होती, लोखंडी पेटी, नांगर, पाटा आणि पोत्यात गुंडाळलेलं दगडी जातं. जात्यावर एक म्हातारी बसली होती.

"मावशी, उतरा. आलं नांदवडं."

"आधी जातं उतरव. मी काय, पडले तरी फुटत नाही."

रेवती शकीलजवळ गेल्या. "हे रोजचंच आहे?"

"दोन वर्षं झाली मॅडम. पाणी संपलं तशी आधी गुरं उतरवली लोकांनी, मग धान्य, मग घरं. टाकी कोरडी, पण गाडी कधी हलकी आली नाही."

"मग कळवलं का नाहीत?"

"कुणाला? तुमचं यंत्र वजन मोजतं. कशाचं ते विचारत नाही."

सुमेधने वळून खोलीकडे पाहिलं. आत पडद्यावर आजचा आकडा उमटला असणार; दोन वर्षांतला सर्वांत मोठा.

"वर कोण राहिलंय आता?" रेवतींनी विचारलं.

"भागाबाई ढेबे शेवटच्या," शकीलने म्हातारीकडे बोट केलं. "त्याच ह्या."

भागाबाई गुडघे धरत फलाटावर टेकल्या. "राहिलंय कोण म्हणजे? दोन वर्सं पोराकडं काढते. पाऊस नीट लागला, झरा फुटला, की परत. ही गाडी हायच की. काय हो बाई, तुमचीच ना गाडी? नेशाल ना एवढं सगळं वर?"

रेवतींनी बसच्या कडेला पाहिलं. तिथे एकच जोडणी होती, वीज बाहेर देणारी. आत घेणारी त्यांनीच ठेवली नव्हती. कुणी बाहेरच्या विजेवर चालवली असं म्हणू नये म्हणून. जे उतरलं तेवढं परत चढवायला उताराची वीज कधीच पुरणार नव्हती. आणि माथ्यावर आता उतरायलाही काही उरलं नव्हतं.

"तुम्हाला नेऊ एखाद्या वेळी," त्या म्हणाल्या. "जातं नाही नेता येणार."

"मग वर जाऊन दात खाऊ व्हय?" भागाबाई हसल्या.

सुमेध हळूच म्हणाला, "मॅडम, समितीला काय सांगायचं? आकडे तर खरे आहेत."

"आकडे खरेच आहेत. पण त्या चाळीस घाटांच्या माथ्यावर अजून माणसं राहतात, सुमेध. आधी बसला आत वीज घेणारी जोडणी बसव. तोवर मंजुरी मागायची नाही."

"मग आपली बस बाकीच्यांसारखीच होईल."

"होऊ दे."

शकीलने दिव्यांची वायर बसच्या जोडणीत लावली. संध्याकाळ झाली होती. बाजाररस्त्यावरचे दिवे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागत गेले.

भागाबाईंनी डोळ्यांवर हात धरला.

"लई उजेड हाय बाई तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "आमच्या वर एवढा कधी नव्हता."