सात नंबरचं घरटं

शिन-रूच्या कोऱ्या वहीतली पहिली नोंद तिने केलीच नाही. ती पाकोळीने केली — वरून, थेट, पानाच्या मधोमध.

“हा घ्या कागद,” मागून आवाज आला. “आणि पुसून झालं की जरा डावीकडे सरका. वरच्या घरट्यातल्या बाईंचा नेम चांगला आहे.”

ती वळली. न्याहारीच्या दुकानात, तव्यामागे, हातात उलथनं घेतलेला एक तरुण हसू दाबत उभा होता… पण फार मनापासून दाबत नव्हता. पडवीबाहेर पाऊस कोसळत होता. तैवानच्या या यीलान गावात तो कोसळतोच, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

“वही घेऊन त्यांना काय विचारताय?”

“घर कसं निवडता, ते.”

“मग आधी काहीतरी खा. उत्तराला वेळ लागेल.”

त्याचं नाव पो-युआन. आणि शिन-रू तीन महिन्यांपूर्वीच तैपेईहून इथल्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून आलेली. ओळखीचं कुणी नाही, संध्याकाळ सरता सरत नाही, म्हणून तिने नेटवरच्या एका फुकट वर्गात नाव घातलं होतं. अजब वर्ग होता तो! पुस्तक नाही, परीक्षा नाही. आपल्या गल्लीतला एक प्रश्न आपणच शोधायचा, उत्तरही आपणच खणून काढायचं, आणि सगळ्या नोंदी सर्वांना दिसतील अशा तक्त्यात मांडायच्या. वर्गातल्या कुणीही त्या तपासाव्यात.

तिचा प्रश्न होता — पाकोळ्या कोणत्या दाराशी नांदतात, आणि का? तिला वाटत होतं, खाली माणसांची वर्दळ असेल तिथे कावळा फिरकत नाही, म्हणून पिल्लं जास्त जगत असावीत. तक्त्यात ‘वर्दळ’ असा एक रकानाच होता. गल्लीत घरटी एकोणीस, आणि पो-युआनच्या छताचं सातवं.

एकोणीस घरटी होती खरी, पण शाई मात्र सातव्यावरच सांडायला लागली. रोज सकाळी दवाखान्याआधी ती तिथे हजर. अंड्याची पोळी, गरम सोयादूध, मान वर करून चार ओळी… आणि मान खाली करून, चोरून, तव्याकडे एक नजर.

एक गोष्ट मात्र तिला टोचायची. इथल्या प्रत्येक न्याहारीवाल्यासारखाच पो-युआनही येणाऱ्या प्रत्येक बाईला ‘सुंदरी’ म्हणायचा. शाळकरी पोरगी असो की काठी टेकत येणाऱ्या लान आजी — “काय देऊ, सुंदरी?” हे ठरलेलं. शिन-रू आली की नुसतंच, “पोळी, तिखट कमी, ना?”

शेवटी एक दिवस तिने विचारलंच.

“आजी सुंदरी, टपालवाल्या मावशी सुंदरी. या गल्लीत मी एकटीच कुरूप का?”

उलथनं हवेतच थांबलं.

“त्यांना म्हणतो ते… तोंडातून निघून जातं. तुला म्हटलं, तर—” तो अडखळला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, हे दोघांनाही कळलं नाही. “तर मनातलं बाहेर पडेल.”

“म्हणजे?”

“पोळी करपतेय,” म्हणत त्याने पाठ फिरवली. कान मात्र लालबुंद झाले होते.

घरट्यात चार चोची वाढत होत्या, आणि शिन-रूचा जीव खालीवर होत होता. पिल्लं उडाली की नोंदी संपणार. नोंदी संपल्या की रोज तिथे जायचं निमित्तही संपणार. नुसतंच ‘तुझ्यासाठी आले’ म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

त्यातच वर्गातल्या एका सहाध्यायी बाईंनी, काओशुंग शहरातल्या निवृत्त गणितशिक्षिकेने, तक्ता तपासून सर्वांदेखत लिहिलं — “मुली, घरटी एकोणीस आणि निम्म्या नोंदी सातव्याच्या! तू नक्की पाकोळ्यांनाच बघतेस ना?”

शिन-रूला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. दवाखान्यात तिने हा प्रकार सोबत काम करणाऱ्या चिया-लिंगला दाखवला. चिया-लिंग याच गावची. पोट धरून हसता हसता ती एकदम थांबली.

“सोमवारच्या नोंदी कशा काय? अगं, ते दुकान सोमवारी बंद असतं. मी शाळेत होते तेव्हापासून!”

शिन-रूने तक्ता पुन्हा उघडला. आठ सोमवार. आठही वेळा तिच्याच हाताने लिहिलेलं — ‘वर्दळ : दोन माणसं. शेरा : पावसामुळे गिऱ्हाईक नसावं.’

दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकावणाऱ्या मुलीला समोरच्याच्या डोळ्यांतलं काही दिसू नये, याला काय म्हणावं!

पुढच्या सोमवारी घरटं रिकामं होतं. चारही पिल्लं समोरच्या तारेवर भिजत बसली होती. दुकानाचं शटर अर्धं वर होतं, तवा तापलेला होता. भिंतीकडे तोंड करून टांगलेली पाटी तिने हळूच उलटी केली. ‘सोमवारी बंद.’

पो-युआनने आधी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“पिल्लं काल उडाली,” तो म्हणाला. “वाटलं, आज तू येणारच नाहीस.”

“मग तवा कशाला तापवलास?”

“…सवय.”

“कसली?”

“तुझी.”

तिने फोन त्याच्यापुढे धरला. गणिताच्या बाईंचा प्रश्न त्याने वाचला, पुन्हा वाचला. मग हळूच विचारलं, “काय उत्तर दिलंस?”

“अजून नाही दिलं. आधी तुला सांगायचं होतं.” तिने एकदा वरच्या रिकाम्या घरट्याकडे पाहिलं. “पाकोळ्या मला आवडतात, पो-युआन. पण रोज सकाळी मी तुला बघायला येत होते.”

तव्यावर तेल तडतडत राहिलं. त्याने उलथनं खाली ठेवलं, एप्रनला हात पुसले, आणि पहिल्यांदाच, अगदी हळू आवाजात म्हणाला,

“काय देऊ… सुंदरी?”

शिन-रूने सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. सोमवार होता.