उजेडाला काय भ्यायचं

१९९८ च्या सप्टेंबरात दौंडचा माझा दवाखाना रिकामा करायला गेलो होतो. एक्स-रेचं जुनं मशीन शिक्रापूरच्या पोपटरावांनी मागितलं होतं, मीही हो म्हणालो होतो. त्यांच्या कारखान्यात नव्याने कामाला लागणाऱ्या कामगारांच्या छातीचे फोटो काढायचे होते त्यांना.

साठ साली मी ते आणलं, तेव्हा धडधाकट माणसंही बैलगाडीतून 'हाडांचा फोटू' काढायला यायची. एका नवरदेवाने तो चौकटीत लावून घेतला. माझे मदतनीस शंकरराव किरणांखाली स्वतःचा हात धरून लोकांना हाडं दाखवायचे, दिवसातून वीसवीस वेळा. "उजेडच आहे, त्याला काय भ्यायचं?" असं मीच सांगितलं होतं. परदेशी डॉक्टरांच्या झडलेल्या बोटांविषयी वाचलेलं असूनही. पुढे शंकररावांची दोन बोटं कापावी लागली. मग त्याच दुखण्याने ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावर मी लिहिलं, हृदयक्रिया बंद.

पोपटरावांना मशीन चालवून बघायचं होतं. रिकाम्या टेबलावर एक फिल्म काढून आम्ही अंधारखोलीत गेलो. लाल दिवा, फिल्म धुवायच्या हायपोचा आंबूस वास, थेंबांचा आवाज. काळ्या फिल्मवर पांढरा हात उमटला. माझी नजर भरवशाची नाही, म्हणून बोटं त्यांना मोजायला लावली.

"तीन..." ते म्हणाले. मग हसले. "जुनी फिल्म आसंल डाक्टर, दोनदा वापरलेली."

असेलही. मला आजही खात्री नाही.

शंकररावांच्या पत्नी, चांगुणाबाई, बाहेर झाडत होत्या. त्यांनी फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली.

"तिकडं मशीनपाशी उभं कोन ऱ्हानार?"

माणूस ठेवलाय, पोपटराव म्हणाले, हुशार हाय.

"ह्ये बी हुशारच हुते."

मी म्हणालो, "दाखला मी खोटा लिहिला, चांगुणाबाई."

"ठावं हाय."

मशीन देणार नाही, असं मी पोपटरावांना सांगितलं. शब्द फिरवता, म्हातारपणी भित्रे झालात, असं ते बोलले. भित्रा तर आहेच, मी म्हणालो, तेव्हाच भ्यायला हवं होतं. वायर उपटली आणि हातोडीने ट्यूब फोडली. तिच्याभोवतीचं तेल फरशीवर पसरलं.

तेवढ्यात मशीनशेजारच्या पडद्यामागून आवाज आला. शंकररावांचा, रोजच्या कामातला, शांत.

"दम धरा..."

आम्ही तिघांनीही श्वास रोखून धरला. पोपटराव तसेच चपला टाकून पळाले. चांगुणाबाई हलल्या नाहीत. मीही नाही.

फोटो झाला की शंकरराव 'सोडा' म्हणायचे.

ते अजून म्हणालेले नाहीत.