वालूरचे नर वेल

जिंतूरच्या रानभाजी महोत्सवात माझ्या टेबलासमोर एक जण बराच वेळ उभा होता. तरोटा, पाथरी, कुर्डू... सगळं पाणी शिंपडून ताजं ठेवलेलं. हा मात्र 'करटुली' अशी चिठ्ठी लावलेल्या रिकाम्या टोपलीकडंच बघत होता.

"करटुली संपली का?"

"आलीच न्हाईत. वेलाला नुसती फुलं यायलीत."

"माझ्याबी!" तो हसला. गालाला खळी पडली. मला बघायची नव्हती, पण दिसली.

तो वालूरचा बुद्धभूषण. मी बोरीची सुकेशनी. बांधाकडचा तुकडा बाबांनी मला करटुल्यासाठी दिला होता, पण पोळ्यापर्यंत फळ दिसलं नाही तर नांगर फिरवणार होते. दोन वर्षं त्यांच्या मागं लागून मिळवलेला तुकडा होता तो.

"कंद कुठून आणले?" त्यानं विचारलं.

"येलदरीकडच्या माळावरून. फळं धरलेले वेल बघून बघून खणले."

त्यानं कपाळाला हात लावला. "मंग सगळ्या माद्याच की! नर वेल येगळा असतो, त्याच्या फुलाबिगर फळ धरत न्हाई. आमच्यात फळ धरलेला वेल खणत न्हाईत. मी बिनफळाचे आणले, ते सगळे नर निघाले. तवापासून मादी हुडकायलोय..." तो थांबला. कान लाल झाले. "म्हंजे — वेलाची."

"कळलं," मी म्हणाले. हसू काही आवरेना.

करटुल्याचं फूल दिवस कलताना उमलतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो मोटारसायकलवर आला, ओल्या फडक्यात नर फुलं घेऊन. एकेक फूल माझ्या वेलाच्या फुलाला हलकेच टेकवायचं, एवढंच काम. पण एका वेलावर दोघांचे हात गेले की काम लांबायचं. मीही घाई करत नव्हते.

"हे कोन?" बाबांनी विचारलं.

"फुलं आणनारे," मी म्हणाले.

"रोजच आनतेत की," बाबा म्हणाले आणि बैलांकडं गेले.

पोळ्याच्या आधी काटेरी, हिरवी करटुली लोंबायला लागली. बाबांनी एक बोटानं दाबून पाहिलं. "ऱ्हाऊ दे तुकडा," म्हणाले. मला रडूच आलं.

संध्याकाळी बुद्धभूषण फुलांशिवाय आला. "दिवाळीनंतर वेल वाळले की नर कंद आणून देतो. बांधाला लावा. मंग... मला यायचं काम न्हाई."

त्याचा आवाज पडला होता. आता आपण बोललो नाही तर हा भला माणूस खरंच यायचा बंद होईल, हे मला कळलं.

"कंद पाहिजेत," मी म्हणाले. "पण मला तुमीबी पाहिजेत."

त्याच्या गालाला खळी पडली. "मलाबी... टेबलापासनंच."

मी पहिल्या तोड्याची करटुली त्याच्या पिशवीत ओतली. "ही तुमच्या आईला द्या. भाजी आवडली तर म्हणावं, बोरीला या."

"अन् न्हाई आवडली तर?"

"तर तुमी चांगली परतली न्हाई, असं समजीन."

रविवारी मोटारसायकलचा आवाज आला. मागं त्याची आई बसली होती, पदर सावरत. उतरल्या उतरल्या त्यांनी बाबांना विचारलं, "करटुलीवाली पोरगी कोनती तुमची?"