कर्दळीचा वाफा

आईच्या मेथीच्या वाफ्यात कुणीतरी परका मुलगा गुडघाभर चिखलात उभा होता, आणि वर हसतही होता! खडवली स्टेशनवरून चालत घरी आलेल्या कल्पिताचं डोकंच सणकलं.

"ओ, इथे काय करताय?"

"सांडपाणी आणतोय. अख्ख्या गावाचं."

तिने ढेकूळ उचललं. तो घाईने मागे सरकला, घसरला आणि चिखलात बसलाच. आई गेल्यापासून कल्पिता पहिल्यांदाच हसली… आणि मग त्या हसण्याचाच तिला राग आला.

आईला कावीळ झाली ती विहिरीच्या पाण्याने. गावाची गटारं ओढ्याला मिळत आणि ओढा विहिरीला खेटून वाहत होता. चिखलातला तो मुलगा, डोंबिवलीचा नयन, हेच थांबवायला आला होता. पाणी आधी टाकीत निवळायचं, मग खडीतून झिरपत कर्दळीच्या मुळांतून जायचं आणि स्वच्छ होऊन ओढ्याला लागायचं. उताराला जागा एकच होती, आईचा वाफा. कल्पिताच्या वडिलांनी, आनंदांनी, मन घट्ट करून ती दिली. पण नयनला त्यांनी उंबरा ओलांडू दिला नाही.

"जागा दिली, घर नाही दिलं," ते म्हणाले. गटारात हात घालणारा हा पोरगा आपल्या पोरीच्या मनात भरलाय, हे त्यांनी ओळखलं होतं. बापाचे डोळे ते, चुकतात थोडेच!

कर्दळ कल्पितानेच लावली. तो खडी पसरायचा, ती कंद रोवायची. पुढे पावसात पानं हातभर झाली, आणि पानांआडून एकमेकांकडे बघणं दोघांनाही सोपं झालं.

"वास येत नाही का गं तुला?" त्याने एकदा विचारलं.

"तुझा? सवय झाली."

"मग… आयुष्यभर चालेल?"

हो म्हणायचं तर बाबांना तोडायचं, आणि आईच्या माघारी त्यांना होतं कोण?

"बाबांनी तुला घरात बोलावलं… तरच," ती म्हणाली. या वेळी तो हसला नाही.

भाद्रपदात कर्दळ फुलली. नयनचं काम संपलं, तो दुसऱ्या गावी निघाला. नेमकं त्याच दिवशी आईचं वर्षश्राद्ध होतं. गटाराच्या पाण्यावरचं म्हणून ते फूल गावात कुणी देवाला वाहत नसे की केसांत माळत नसे. कल्पिताने एक पिवळं फूल तोडलं आणि आईच्या फोटोला वाहिलं.

"कुठलं हे?" आनंदांचा आवाज चढला.

"आईच्या वाफ्यातलं. बाबा, हे काम वर्षभर आधी झालं असतं, तर आई असती हो."

फूल काढायला उचललेला त्यांचा हात तसाच थांबला. ते फोटोसमोर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. फूल जरा कलतं झालं होतं, ते त्यांनी सरळ केलं. मग डोळे पुसत विचारलं, "तो… जेवला का?"

कल्पिता अनवाणीच धावली. नयन वाफ्याच्या कडेला सामान बांधत होता.

"बाबांनी जेवायला बोलावलंय."

"आजच्यापुरतं?"

"त्यांनी आजच्यापुरतं." तिला धाप लागली होती. "मी… रोजचं बोलवायला आलेय."