आतून वाजलेलं झाकण

हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलं. नौदलाच्या गोदीत मिस्त्री होता तो. तोंडाने फटकळ, पण हात सोन्याचा. त्यानेच मला सांगितलं, आणि खोटं बोलण्याइतका तो कधी गोड नव्हता.

त्याच्याकडे देखभालीला पाण्याखालून चालणारी एक छोटी गाडी होती. कमांडो पाणबुड्यांना गुपचूप पलीकडच्या किनाऱ्याला नेणारी. दोन माणसं पुढेमागे बसायची, दोघांच्या डोक्यावर दोन सरकती झाकणं. पाणबुडीसारखी कोरडी नव्हे. आत पाणी भरलेलंच, माणूस पाठीवरच्या बाटलीतल्या हवेवर जगायचा.

मागच्या झाकणाचा खटका अडकत होता. मिस्त्रीने साहेबाला दोनदा लेखी दिलं. साहेब म्हणाला, ''सराव पुढे ढकलता येणार नाही.'' सराव झाला. पुढचा पाणबुड्या बाहेर पडला. मागचा आतच राहिला, बाटलीतली हवा संपेपर्यंत. सत्तावीस वर्षांचा होता.

चौकशीत काय लिहिलं माहितीये? खटका ठीक होता, माणूस घाबरला. आणि खाली सही कोणाची? माझ्या साडूची. घरी आई अंथरुणाला खिळलेली, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. साहेबाने कागद सरकवला, याने सही केली. मी तेव्हा दोन महिने बोललो नाही त्याच्याशी.

मग तो शनिवार आला. नऊ डिसेंबर, रात्रीचे साडेनऊ. बॅटरीचं चार्जिंग बंद करायला मिस्त्री शेडमध्ये गेला. पाच मिनिटांचं काम. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, ''जेवलात का?'' हा म्हणाला, ''घरी जाऊन जेवतो.''

गाडी ट्रॉलीवर होती. तीन महिने पाण्याबाहेर, वर धूळ साचलेली. त्याने बटण दाबलं. चार्जरची घरघर थांबली.

टक.

मागच्या झाकणातून. आतून...

काय म्हणालास? उंदीर? उंदीर मोजून ठोकतो का रे? तीन ठोके. थांबून पुन्हा तीन. ती पाणबुड्यांची खूण असते. मला बाहेर काढा.

मिस्त्री धावला. खटका ओढला. हलेना. पाना घातला, अंगाचा भार टाकला. हलेना. आतले ठोके वाढले. जोरात. आणखी जोरात. ते भीतीचे नव्हते, तो म्हणाला. दार वाजवणारा विनवतोय की संतापलाय, ते कळतं आपल्याला. आतला संतापला होता.

''उघडतो रे... थांब... उघडतो...''

ठोके थांबले.

मग बुडबुड्यांचा आवाज. हळू... आणखी हळू...

मग काही नाही.

खटका आपोआप सुटला. झाकण सरकलं. आत कोणी नाही. थेंबभर पाणी नाही.

मिस्त्री पळाला नाही. त्याचं डोकं फिरलं. तसाच साहेबाच्या बंगल्यावर गेला. साहेब झोपायच्या कपड्यांत दारात आला.

''सकाळी बोलू, मिस्त्री.''

''त्याला कुठे मिळाली सकाळ? कागद काढा, साहेब.''

''नोकरी जाईल तुमची.''

''जाऊ दे. खोटी सही मी केली, तुम्ही करवलीत. आता खरं लिहून घ्या. नाहीतर उद्या त्याच्या बायकोच्या दारात उभा राहून सांगतो.''

पहाटेपर्यंत हटला नाही तो. लिहिलं, सही केली. नोकरी गेलीच. पण सहा महिन्यांनी त्या बाईला पत्र आलं, तुमच्या नवऱ्याची चूक नव्हती म्हणून. आणि साहेबाला? बढती. हसू नका. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ती गाडी पुन्हा पाण्यात उतरली नाही. नवा मिस्त्री तपासायला गेला, तर किती खोल गेलो ते दाखवणारा काटा शून्यावर नव्हता. कोरड्या शेडमध्ये, ट्रॉलीवर, काटा अठरा मीटरवर. तो पोरगा सापडला होता, तेवढ्याच खोलीवर. त्यांनी अख्खी तबकडी बदलली. नवी कोरी, खोक्यातून काढलेली.

शेवटचा स्क्रू आवळून होईपर्यंत...

तीही अठरावर.