येते हं

ही गोष्ट ऐकून हसायचं तर खुशाल हसा. माझ्या मावसबहिणीची, उत्कर्षाची, वाकडी झालेली दोन बोटं बघितली की हसणं थांबतं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. ठिकाण जत. भर दुपारचे बारा.

उत्कर्षाचं काम पाळणाघरं तपासायचं. घरात पोरं सांभाळायचा परवाना हवा तर हिची सही लागायची. त्या दिवशी ती शालूबाईंच्या घरी गेली होती... दुसऱ्यांदा.

वर्षापूर्वी पहिल्यांदा गेली, तेव्हा तिने चहा पीत पीतच तक्ता भरला होता. 'हौदाला झाकण व कुलूप आहे.' अंगणात जाऊन बघायचा कंटाळा केला. निघताना तिथे सांभाळायला ठेवलेल्या चार वर्षांच्या शिवतेजने तिची ओढणी धरली.

"बाई, हौदाचं झाकान हालतंय. बग की."

"येते हं," म्हणाली आणि गाडीत बसली. आपण निघताना म्हणतो तसंच. पोराला ते खरं वाटलं.

आठव्या दिवशी शिवतेज त्याच हौदात सापडला.

चौकशीत उत्कर्षा कागदाला चिकटून राहिली. कुलूप होतं म्हणाली. मग ते शालूबाईंनीच काढलं असणार, असं ठरलं. परवाना गेला. बाईने पोर खाल्लं, असं गाव म्हणायला लागलं. मला बहिणीचा राग येतो, आजही येतो.

आता शालूबाईंनी पुन्हा अर्ज केला होता. या वेळी खरंच कुलूप होतं. किल्ली देताना त्या म्हणाल्या, "हौद कोरडा हाय मॅडम. चार दिस झालं टँकर न्हाई."

उत्कर्षा झाकणाजवळ वाकली.

आतून... टक. टक.

तिने कुलूप काढलं, झाकण उचललं. आत अंधार. आणि ओला वास...

"आलीस व्हय?"

तिच्या उजव्या मनगटाभोवती गार, इवली बोटं आवळली. एकच हिसका. कपाळ लोखंडी कडेवर आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं.

दुसरा हिसका. समोरचा दात तुटून आत पडला... पाण्यात पडावा तसा, डुबुक्कन.

शालूबाईंनी तिच्या कंबरेला मिठी मारून मागे ओढलं. तेवढ्यात झाकण हातावर आदळलं. आपोआप उचललं गेलं. पुन्हा आदळलं. हाडं मोडल्याचा आवाज शालूबाईंनीही ऐकला.

"कुलूप नव्हतं," उत्कर्षा किंचाळली. "मी बघितलंच नव्हतं."

पकड सुटली.

हौद ठणठणीत कोरडा होता. तिची बाही मात्र कोपरापर्यंत निथळत होती.

पुढे तिने डाव्या हाताने खरा जबाब लिहून दिला. नोकरी गेली. शालूबाईंच्या नावावरचा डाग पुसला. इथंच सगळं मिटायला हवं होतं.

पण त्या दुपारी दवाखान्यात जायला रिक्षात बसताना ती सवयीने शालूबाईंना "येते" म्हणाली होती.

बंद झाकणाखालून आवाज आला...

"कवा?"

तेव्हापासून ती कुठूनही निघताना 'जाते' म्हणते. परवा आमच्या मलकापूरच्या घरून निघतानाही तसंच म्हणाली. आई चिडली. असं अभद्र बोलू नये, येते म्हण, म्हणाली. उत्कर्षाने तोंड घट्ट मिटलं. शेवटी आईच तिच्या वतीने म्हणाली, "येते हं."

आमच्या अंगणातल्या हौदाचं झाकण... हललं.

त्याला कुलूप आहे की नाही, हे बघायला मी अजून गेलेलो नाही.