बाई थांबल्या आहेत

बसा ना, उभ्या का? वीज गेली म्हणून माझं काम थांबत नाही. हे पायमशीन आहे, पाय चालतोय तोवर चालतं. तुमच्या कोटाचं अस्तर तेवढं राहिलंय, कंदिलाच्या उजेडात होऊन जाईल. नाहीतरी बाहेर धुक्यात हाताला हात दिसत नाही, जाऊन जाऊन जाणार कुठे? धाकटी चहा टाकतेय. त्या टीव्हीवरचा कपडा मात्र उचलू नका हं. नाही नाही, बिघडलेला नाही. जरा जास्तच चांगला चालतोय, म्हणून झाकून ठेवलाय.

आता विचारलंतच, तर सांगते. माझं तोंड एकदा सुरू झालं की मशीनसारखंच, दोरा संपेपर्यंत थांबत नाही.

धाकटी म्हणजे माझी बहीण. बसस्थानकावर घोषणा करायची. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, एवढंच काय ते बोलायचं, पण असं बोलायची की लोक म्हणत, गाडी चुकली तर चुकू दे, घोषणा पुरती ऐकू दे. मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधीच होती, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पट्टी काढल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोला काहीतरी. धाकटीनं मला हाक मारली आणि तोंडातून जे बाहेर आलं ते गंजलेल्या बिजागरीसारखं. तिनं तोंडावर हात घेतला, तो घेतलाच. त्यानंतर शब्द नाही.

डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आवाज आहे, पण वापरला नाही तर जाईल. हिवाळा संपायच्या आत बोलती झाली तर झाली, नाहीतर माझ्याकडे औषध नाही. मी समजावलं, रागावले, देवाशप्पथ हातसुद्धा जोडले. ती टेबलावर बोट वाजवायची. एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. दोनदाच जास्त. आणि तिकडे स्थानकावर तिचा जुना, आधी टेपवर भरून ठेवलेला आवाज दिवसभर गाड्या सोडत होता. ती तो रस्ताच टाळायची, मागच्या गल्लीतून लांबून जायची.

मग तिचं बोलणं मी बोलायला लागले. बाजारात मी, दवाखान्यात मी, शेजारीपाजारी मी. म्हणतात ना, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. शेवटी शेवटी तर तिला भूक लागलीये की नाही हेही मीच सांगायचे. तिचं सोनं तसंच पडून राहिलं आणि माझी माती खपत राहिली.

आता बाईंचं सांगते, त्या गाणाऱ्या बाईंचं. आम्ही दोघी लहानपणापासून बाईंच्या गाण्यावर वेड्या. मला स्वतःला गाता येत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पण बाईंचं गाणं लागलं की पाय आपोआप मशीनच्या पायट्यावरून खाली. त्यांचं एक गाणं होतं, ते बाई कार्यक्रमात शेवटी घ्यायच्या. ‘उशीर झाला तरी ये…’ एवढंच म्हणायच्या आणि माइक लोकांपुढे धरायच्या. लोकांनी म्हणायचं, ‘दार लोटलेलं नाही.’ उत्तर आल्याशिवाय बाई पुढे जायच्या नाहीत. वादकांचे हात वाद्यांवर तसेच थांबलेले, आणि बाई वाट बघत उभ्या.

आम्ही एकदाच त्यांना समोर ऐकलं. धाकटी शाळेत होती. पार मागच्या कोपऱ्यात उभ्या होतो, लोकांनी पेटीतून काढून घातलेल्या लोकरी कोटांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. ती ओळ आली, सगळ्यांनी म्हटली, पण धाकटीचा आवाज सगळ्यांवरून वेगळाच गेला. बाई थबकल्या. म्हणाल्या, मागे ती कोण? मीच जोरात ओरडले, माझी बहीण आहे, तिला सगळी गाणी येतात! बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, “तुम्ही नाही. तिला म्हणू दे.” लोक खो खो हसले. पण धाकटीनं एकटीनं म्हटलं, आणि बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

बाई गेल्या वर्षी गेल्या. जायच्या आधीच्या त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं होतं, ते या हिवाळ्यात आपल्या जुन्या चित्रपटगृहात लागलं. मी धाकटीला म्हटलं, चल. दोनदा टक. मी कानाडोळा केला आणि तिचा कोट तिच्या अंगावर चढवला. दुपारचा खेळ होता. आत मोजकीच माणसं, एक म्हातारं जोडपं आणि रात्रपाळी करून आलेली एक परिचारिका, ती बसल्याबसल्या झोपलेली. तिकीट फाडणारा बॅटरी घेऊन दाराशी. फिनेलचा आणि जुन्या गालिच्याचा वास, बाकी काही नाही.

आणि मग बाई आल्या. काय सांगू तुम्हाला! तेव्हा कोपऱ्यातून मुंगीएवढ्या दिसल्या होत्या, इथे त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. गाण्याआधीचा श्वास ऐकू येत होता. गरम पाण्याचा पेला उचलताना हात जरासा कापत होता, पण सूर लावला की तोच हात खांबासारखा. त्यांच्या जाकिटाच्या बाहीचा एक दोरा लोंबत होता, माझे हात शिवशिवायला लागले, वाटलं उठावं आणि कात्री लावावी. मी रडले, त्यात लाज कसली. गेलेलं माणूस असं भरभरून गाताना दिसलं की बरं वाटतं. धाकटीचा हात माझ्या हातात होता आणि तिचं बोट प्रत्येक गाण्याचा ठेका धरत होतं. म्हटलं, चला, बोट तरी गातंय.

मग ते गाणं आलं. बाईंनी म्हटलं, ‘उशीर झाला तरी ये…’ आणि माइक पुढे धरला.

कोणी काही म्हटलं नाही.

पडद्यावर एवढी गर्दी, हजारांनी माणसं, आपल्याला त्यांची डोकी मागून दिसत होती. त्यातलं एकही हललं नाही. मला वाटलं, चित्र अडकलं. पण बाईंच्या बाहीचा तो दोरा वाऱ्यावर हलत होता. पेल्यातून वाफ येत होती. बाई पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या. त्या थांबल्या होत्या, बस्स. मागे वळून पाहिलं तर तिकीट फाडणाऱ्याची बॅटरी दारात लागलेली, पण तो पुढे येईना. म्हातारं जोडपं एकमेकांचा हात धरून बसलेलं.

आणि तो वास आला. आधी वाटलं माझ्याच कोटाचा. पण मी शिंपीण आहे, माझ्या कपाटात डांबरगोळ्या मी ठेवतच नाही. लोकरी कोटांचा वास, खूप कोटांचा, जणू आमच्या चहूबाजूंनी माणसं दाटीवाटीनं उभी आहेत. खुर्च्या तर रिकाम्या होत्या…

मग पडद्यावरचं एक डोकं वळलं. पुढच्या रांगेतलं, हळूच, नाटकात मागे कोणी बोललं की आपण वळून बघतो तसं. मग शेजारचं. मग सगळी. ती हजारो माणसं मागे वळून आमच्याकडे बघायला लागली. चेहरे रागावलेले नव्हते हो. रागावलेले असते तर मी पळाले असते. ते वाट बघत होते. आणि त्यांच्या डोक्यांवरून बाई सरळ आमच्या खुर्च्यांकडे, धाकटीकडे बघत होत्या.

माझ्या मनगटावर दोनदा टक. पुन्हा दोनदा.

माझं तोंड मला कधी आवरलंय? मी उभी राहिले आणि त्या पडद्याला म्हणाले, “बाई… तिला नाही जमणार. तिचा गळा…”

बाईंनी नजर माझ्याकडे वळवली. ओठांवर बोट ठेवलं.

मी मटकन खाली बसले. तेव्हाच मला कळलं की आता मी काही बोलायचं नाही. धाकटीचं वय, गाठ, डॉक्टर, हिवाळा, काही काही नाही. मी तिचा हातसुद्धा सोडला. अंधारात किती वेळ गेला माहीत नाही. शेजारून श्वास ऐकू आला, गाण्याआधी घेतात तसा. आणि मग ती गंजलेली बिजागरी हलली. “दार…” खोकला आला. थांबली. पुन्हा. “दार… लोटलेलं नाही.”

आवाज जुना नव्हता. जाडा, खरखरीत, खालच्या पट्टीतला. पण सूर पक्का होता. मी तिच्याकडेच बघत राहिले, तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. पडद्याकडे मी पाहिलंच नाही. थोड्या वेळानं ढोलक वाजलं, गर्दी गायला लागली, तेव्हा मान वळवली तर सगळी डोकी पुन्हा पाठमोरी.

बाहेर उजेडात आलो. तिकीट फाडणाऱ्याला विचारलं तर तो आमच्या डोळ्यांत बघेना. एवढंच म्हणाला की बाकीच्या खेळांना ती ओळ लोकच गातात, पडद्यावरचे. आम्ही रस्त्याला लागलो. मी म्हणत होते की आता हिला काहीतरी गरम पाजायला हवं, हिला थंडी वाजत असेल. धाकटी थांबली आणि म्हणाली, “ताई, आता माझं तू बोलू नकोस.”

माझ्या आयुष्यात मला इतकं गोड कोणी गप्प केलं नव्हतं. आणि त्या दिवशी ती मागच्या गल्लीनं गेली नाही, स्थानकासमोरून गेली. महिन्याभरात तिथल्या सगळ्या घोषणा तिनं नव्यानं भरल्या, या नव्या आवाजात. तुम्ही ज्या गाडीनं येता तिची घोषणा तीच करते. डॉक्टरीणबाईंनी तर तिला मिठीच मारली.

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण हौसेला मोल नसतं. त्या कार्यक्रमाची चकती, डीव्हीडी म्हणतात ती, बाजारात आल्याबरोबर मी घेऊन आले. दोघींनी दार लावून टीव्हीवर लावली. ते गाणं आलं. बाईंनी माइक धरला, आणि टीव्हीतून माझाच आवाज आला, ‘बाई, तिला नाही जमणार.’ मग खोकला. मग धाकटीची ओळ. तो कार्यक्रम झाला त्या दिवशी धाकटी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती आणि मी दवाखान्याच्या बाकावर. शेजारणीला विचारलं, तिनेही चकती घेतली होती. म्हणाली, हो, कोण ती मेली मध्येच बोलते, पण नंतरची बाई छान गाते. मेली म्हणजे मी.

घाबरले ती यामुळे नाही. चित्रपटगृहात मी धाकटीकडे बघत होते ना, म्हणून पुढचं मला दिसलंच नव्हतं. टीव्हीवर दिसलं. धाकटीची ओळ संपल्यावर बाईंनी डोळे मिटले, उघडले. ओठांवरचं बोट काढलं. आणि माइक किंचित डावीकडे सरकवला. धाकटीच्या डावीकडे कोण बसलं होतं, सांगा बघू?

मी चकती बंद केली. दुसऱ्या दिवशी लावली तर गाणं तिथून पुढे सरकेचना. बातम्या लावल्या तरी बाई. शेवटी टीव्हीची पिन काढली आणि कपडा टाकला. तेव्हापासून मी दिवसभर मशीन चालवते, खडखडाट असला की बरं. धाकटी म्हणते, ताई, त्या बोलावतायत, पकडत नाहीयेत. इतकी वर्षं सगळ्यांच्या वतीनं बोललीस, एक ओळ स्वतःची म्हण. मी म्हणते, माझा सूर ऐकून बाई पुन्हा जातील. ती हसते. तिचं हसणं ऐकायला मिळतं, तेवढं मला पुष्कळ आहे.

तुम्ही मघापासून माझ्या खांद्यावरून मागे बघताय. माहितीये मला. कपड्याखालून उजेड येतोय ना? पिन भिंतीपासून हातभर लांब पडलीये आणि साऱ्या गल्लीत वीज नाही. हा डांबरगोळ्यांचा वास तुमच्या कोटाचा आहे का हो? नाही ना… मलाही तसंच वाटलं.

ऐका. आत धाकटी गातेय. ‘उशीर झाला तरी ये…’ बघा, तिथेच थांबली. मुद्दाम थांबते लबाड, रोज थांबते. आणि मागे बाईही थांबल्या आहेत, मान न वळवताच कळतं मला.

अस्तर बसलं तुमचं. हा घ्या कोट. मी पाय काढते आता पायट्यावरून, आज मशीन बंद. जरा बसा माझ्याजवळ. आणि हसायचं नाही हं… दार…